अवाक् रुग्ण आणि रक्ताची साक्ष : बालकांच्या मूत्रमार्गसंसर्गाच्या निदानाचा इतिहास

१

लॅटिन भाषेत तान्ह्या मुलाला 'इन्फान्स' असा शब्द आहे. 'न बोलणारा' हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. वैद्यकाच्या दृष्टीने ह्या व्युत्पत्तीत मोठे मर्म आहे. प्रौढ रुग्ण वैद्याकडे येतो तो आपले दुखणे शब्दांत घेऊन येतो. लघवीला जळजळ होते, वरचेवर जावे लागते, कंबरेत एका बाजूस ठणका लागतो, थंडी वाजून ताप भरतो, असे तो सांगतो, आणि ह्या सांगण्यातच निम्मे निदान होऊन जाते. दोन महिन्यांचे मूल ह्यांपैकी काहीच सांगू शकत नाही. त्याला ताप येतो, ते दूध घेत नाही, ओकते, किरकिरते, कधी निपचित पडून राहते. ही लक्षणे बालपणीच्या कितीतरी आजारांना समान आहेत.

ह्या अडचणीची जाणीव प्राचीन आहे. काश्यपसंहिता हा आपल्याकडील बालरोगविषयक प्रमुख प्राचीन ग्रंथ होय. नेपाळात सापडलेल्या खंडित हस्तलिखितावरून तो इ. स. १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला. त्याच्या सूत्रस्थानातील वेदनाध्यायात, न बोलणाऱ्या मुलाच्या वेदना त्याच्या हालचालींवरून कशा ओळखाव्या, हे एकेका रोगाच्या अनुरोधाने सांगितले आहे. मूत्रकृच्छ्राने पीडित मूल ओठ चावते, हाताने ओटीपोटास स्पर्श करते, लघवीच्या वेळी त्याला वेदना होतात व अंगावर रोमांच उठतात, असे निरीक्षण तेथे नोंदलेले आहे. जेथे शब्द नाही तेथे देहाची चेष्टा हीच भाषा मानून ती वाचण्याचा हा प्रयत्न होता. विसाव्या शतकात ह्याच हेतूने रक्ताला बोलते करण्याचे प्रयत्न झाले. त्या प्रयत्नांचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या इतिहासात वैद्यांपुढे तीन प्रश्न होते. मुलाच्या मूत्रमार्गात जंतुसंसर्ग आहे काय, हा पहिला. असल्यास तो मूत्राशयापुरता आहे की मूत्रपिंडापर्यंत चढला आहे, हा दुसरा. मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहील काय, हा तिसरा. प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचे नाहीत. मूत्राशयाचा दाह त्रासदायक असला तरी बहुधा निरुपद्रवी असतो. मूत्रपिंडाचा दाह उपचारावाचून राहिल्यास काही मुलांच्या मूत्रपिंडावर व्रण राहतात, आणि व्रण विस्तृत असल्यास पुढे रक्तदाब वाढणे, मूत्रपिंडाचे कार्य खालावणे असे परिणाम संभवतात. उलटपक्षी, ताप आलेल्या प्रत्येक मुलाला प्रतिजैविके देत गेल्यास ती औषधे निष्प्रभ करणारे जंतू बळावतात व त्याची किंमत पुढच्या मुलांना मोजावी लागते. चूक कोणत्याही दिशेने झाली तरी तिचा भार ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर पडतो.

ह्या इतिहासाचा अर्थ लावण्यास न्यायशास्त्रातील धूम आणि अग्नी ह्यांचा परिचित दृष्टान्त फार उपयोगी पडतो. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, ते धूर अग्नीवाचून कधी आढळत नाही म्हणून. एखादे चिन्ह साध्याच्या अभावीही आढळू लागले, तर त्याला व्यभिचारी हेतू म्हणतात आणि त्याच्यावरील अनुमान ढासळते. परंतु ह्याची दुसरी बाजूही नैयायिकांनी सांगून ठेवली आहे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. म्हणजे धूर नाही म्हणून अग्नी नाही, असेही म्हणता येत नाही. रक्तातील निदर्शक द्रव्यांच्या परीक्षणात हेच दोन दोष पुनःपुन्हा मोजले गेले, असे पुढे दिसून येईल.

२

रक्ताकडे वळण्याचे कारण मूत्राच्या परीक्षणातील अडचणींत आहे. इ. स. १८८५ मध्ये म्युनिक येथे थेओडोर एशेरिख ह्या बालरोगतज्ज्ञाने निरोगी अर्भकांच्या मलातून एका दंडाकार जंतूचे वर्णन केले. पुढे ह्या जंतूच्या प्रजातीला त्याचेच नाव मिळाले. आतड्यात निरुपद्रवीपणे नांदणारा हा जंतू मूत्रमार्गात शिरला म्हणजे रोग उत्पन्न करतो, हेही एशेरिखने ओळखले. इ. स. १८९४ मध्ये, तो ग्राट्स येथे असताना, ह्या जंतूमुळे लहान मुलींना झालेल्या मूत्राशयदाहाचे वर्णन त्याने प्रसिद्ध केले. बालकांच्या मूत्रमार्गसंसर्गांपैकी बहुसंख्य ह्याच जंतूमुळे होतात, हे आज सर्वमान्य आहे.

कारण सापडले, तरी ते प्रत्येक मुलाच्या बाबतीत सिद्ध करणे सोपे नव्हते. मूत्राच्या नमुन्यात जंतू आढळले, तर ते मूत्राशयातून आले की त्वचेवरून नमुन्यात मिसळले? इ. स. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टन येथे एडवर्ड कॅस ह्यांनी प्रौढ स्त्रियांच्या अभ्यासावरून, एका मिलिलिटर मूत्रात एक लाख जंतू ही मर्यादा सुचविली. तीवरील संख्या खऱ्या संसर्गाची, तीखालील बहुधा मिसळणीची. ही मर्यादा जगभर रूढ झाली. परंतु स्वच्छतेने मधल्या धारेचे मूत्र देणारी प्रौढ स्त्री आणि दुपट्यातले मूल ह्यांत फार अंतर आहे. मुलाच्या अंगाला पिशवी चिकटवून घेतलेला नमुना मिसळणीमुळे वारंवार दूषित होतो. म्हणून नळी घालून किंवा ओटीपोटातून सुईने थेट मूत्राशयातील मूत्र काढण्याची पद्धती आली. ह्या दोन पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास प्रायल्स व त्यांचे सहकारी ह्यांनी इ. स. १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. असा नमुना विश्वसनीय असतो, पण तो मिळविण्यात मुलाला वेदना होतात आणि आईबापांचाही धीर सुटतो. शिवाय जंतुसंवर्धनाचे उत्तर येण्यास एक ते दोन दिवस लागतात. तापाने फणफणलेल्या अर्भकाच्या बाबतीत तेवढे थांबणे धोक्याचे असते.

ह्याहून मोठी उणीव वेगळीच होती. मूत्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, दुसऱ्याचे देत नाही. मूत्राशयात साठलेल्या मूत्रातील जंतू तेथेच राहणारे की वरून उतरलेले, हे मूत्र सांगत नाही. इ. स. १९६० मध्ये हॉडसन व एडवर्ड्स ह्यांनी, मूत्राशयातील मूत्र उलट मूत्रपिंडाकडे चढणे आणि मूत्रपिंडावरील व्रण ह्यांचा संबंध दाखवून दिला. तेव्हापासून दुसऱ्या प्रश्नाची निकड वाढली. मूत्र ज्याबद्दल मुके होते, त्याबद्दल रक्त काही सांगेल काय, अशी आशा साहजिकच निर्माण झाली.

३

ज्या चिन्हांकडे ही आशा वळली, त्यांपैकी कोणतेही मूत्ररोगांच्या अभ्यासात जन्मलेले नव्हते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पहिले चिन्ह म्हणजे तांबड्या रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, ज्याला व्यवहारात 'ई. एस. आर.' म्हणतात. पोलंडमधील एडमुंड बिएर्नात्स्की ह्यांनी इ. स. १८९७ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. स्वीडनमधील रोबिन फोरेउस ह्यांनी १९१८ मध्ये गरोदर स्त्रियांच्या रक्तात हा वेग वाढलेला दाखविला. त्यांचेच देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन ह्यांनी १९२१ मध्ये क्षयरोग्यांच्या संदर्भात तो मोजण्याची पद्धती बसवून दिली. म्हणजे गर्भारपण आणि क्षय ह्यांच्या अभ्यासातून हे चिन्ह आले.

दुसऱ्या चिन्हाचे नावच त्याच्या उगमाची साक्ष देते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इ. स. १९३० मध्ये विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियाच्या जंतूंवर संशोधन करीत होते. त्या जंतूपासून वेगळ्या केलेल्या एका अंशाला 'सी' हे अक्षर दिलेले होते. न्यूमोनियाच्या तीव्र अवस्थेतील रुग्णांच्या रक्तद्रवात हा अंश घातला असता साका धरतो आणि रुग्ण बरा झाल्यावर तो धरत नाही, असे त्यांना आढळले. एखाद्या जंतूविरुद्ध तयार होणारी प्रतिद्रव्ये रोग हटल्यावर राहतात किंवा वाढतात, हे द्रव्य मात्र ओसरत होते. शिवाय ते अन्य जंतूंच्या रोगांतही आढळत होते. ऑस्वाल्ड एव्हरी ह्यांच्या प्रयोगशाळेत १९४१ मध्ये ते प्रथिन असल्याचे सिद्ध झाले व त्याला 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन' हे नाव स्थिर झाले. मॅक्लिन मॅकार्टी ह्यांनी १९४७ मध्ये त्याचे स्फटिक मिळविले. हे प्रथिन यकृतात तयार होते व दाह सुरू झाल्यावर काही तासांतच रक्तात वाढू लागते, हे पुढे उलगडले. ज्या 'सी' अंशामुळे त्याचे नाव पडले त्याच्याशी आजच्या रुग्णालयातील त्याच्या उपयोगाचा काही संबंध उरलेला नाही. शब्द टिकला आणि त्याचा मूळ प्रसंग मागे पडला, असा हा अर्थविकासाचा एक नमुनाच म्हटला पाहिजे.

येथे 'निदान' ह्या शब्दाकडेही वळून पाहणे उचित होईल. आयुर्वेदाच्या परिभाषेत निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ती ही रोगज्ञानाची पाच साधने होत. त्यांत 'निदान' म्हणजे रोगाचे कारण आणि 'रूप' म्हणजे प्रकट झालेले लक्षण. आजच्या मराठीत 'निदान' हा शब्द संपूर्ण रोगनिश्चयाचा वाचक झाला आहे. जुना भेद मनात ठेवल्यास असे दिसते की, मूत्राचे जंतुसंवर्धन हे जुन्या अर्थाने 'निदान' आहे, कारण ते रोगाचे कारणच हाती देते. रक्तातील प्रथिन हे 'रूप' आहे. शरीराने कशाला तरी दिलेला प्रतिसाद ते दाखविते. तो प्रतिसाद कशाला आणि कोठे दिला, हे त्याच्या स्वरूपात अंतर्भूत नाही.

४

ही मर्यादा असतानाही रक्ताला 'कोठे' हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला गेला, तो मुख्यतः स्वीडनमध्ये. गोटेबर्ग येथे यान विनबेर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनी बालकांच्या मूत्रमार्गसंसर्गाचा दीर्घ अभ्यास केला. तेथीलच ऊल्फ यूडाल, लिंडबेर्ग व लिंकन ह्यांनी इ. स. १९७५ मध्ये, लक्षणे असलेल्या मुलांत संसर्गाची पातळी, म्हणजे तो खालचा की वरचा, कशी ठरवावी ह्यावर निबंध प्रसिद्ध केला. ताप, रक्तपेशी खाली बसण्याचा वेग, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन आणि मूत्र घट्ट करण्याची मूत्रपिंडाची शक्ती ह्यांचा त्यांनी एकत्र विचार केला. ज्या मुलाला ताप आहे व ज्याच्या रक्तात दाहाची चिन्हे वाढलेली आहेत त्याच्या मूत्रपिंडात संसर्ग आहे असे समजावे, हा संकेत त्यानंतर बालरोगचिकित्सेत रुजला.

ह्या संकेताचे व्यावहारिक मूल्य मोठे होते. त्यामुळे धोक्यातील मुलांकडे त्वरेने लक्ष गेले. परंतु तर्काच्या दृष्टीने त्यात एक कच्चा दुवा राहिला होता. मूत्रपिंडातील दाह जिवंत मुलात प्रत्यक्ष पाहण्याचे साधन तेव्हा सुलभ नव्हते. अशा स्थितीत दाहाची चिन्हे असलेल्या आजारालाच मूत्रपिंडदाह म्हटले, तर ती चिन्हे मूत्रपिंडदाह ओळखतात असे सिद्ध करण्यात नवे काही उरत नाही. ज्याच्या आधारे व्याख्या केली त्यालाच प्रमाण मानणे हा अन्योन्याश्रय होय. धुराची परीक्षा करावयाची, तर धुराचा आधार न घेता अग्नी पाहता आला पाहिजे.

ती सोय किरणोत्सर्गी टेक्निशियमने युक्त अशा 'डी. एम. एस. ए.' ह्या द्रव्याच्या चित्रणाने झाली. हे द्रव्य शिरेतून दिल्यावर मूत्रपिंडाच्या कार्यक्षम भागात साठते, आणि दाह झालेला भाग चित्रात फिका उमटतो. इ. स. १९८० नंतरच्या दशकात डुकराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत ह्या चित्राची प्रत्यक्ष ऊतींशी तुलना करण्यात आली व ते बरेच विश्वसनीय ठरले. आता रक्तातील चिन्हांची स्वतंत्र कसोटी शक्य झाली.

५

ह्याच सुमारास तिसरे चिन्ह पुढे आले, आणि तेही अगदी भलत्या वाटेने. कॅनडातील हॅरल्ड कॉप ह्यांनी इ. स. १९६२ च्या सुमारास रक्तातील कॅल्शियम कमी करणाऱ्या एका संप्रेरकाचा शोध लावून त्याला 'कॅल्सिटोनिन' असे नाव दिले. ज्या मोठ्या प्रथिनापासून ते संप्रेरक तयार होते ते 'प्रोकॅल्सिटोनिन'. ११६ अमिनो आम्लांच्या ह्या साखळीचा संबंध निरोगी अवस्थेत थायरॉइड ग्रंथीशी आणि कॅल्शियमशी, मूत्रमार्गाशी मुळीच नाही. परंतु इ. स. १९९३ मध्ये फ्रान्समधील आसिको, जांद्रेल, बोऊआँ आदी संशोधकांनी 'लॅन्सेट' नियतकालिकात एक आश्चर्यकारक निरीक्षण मांडले. संसर्गाचा संशय असलेल्या ७९ मुलांपैकी ज्या १९ जणांना जंतूंचा तीव्र संसर्ग होता, त्यांच्या रक्तात प्रोकॅल्सिटोनिन दर मिलिलिटरला ६ ते ५३ नॅनोग्रॅम इतके चढले होते. संसर्ग नसलेल्यांत ते ०.१ नॅनोग्रॅमहून कमी होते, आणि विषाणूंच्या आजारांत बहुधा सामान्य किंवा किंचित वाढलेले होते. तयार कॅल्सिटोनिनचे प्रमाण मात्र कोणातही बदललेले नव्हते. तीव्र संसर्गात हे द्रव्य थायरॉइडबाहेरच्या अनेक ऊतींत निर्माण होते, हे पुढील संशोधनाने दाखविले. ह्याही बाबतीत नाव एका घरचे आणि कार्य दुसऱ्या घरचे, असा प्रकार झाला.

जंतू व विषाणू ह्यांत भेद करणारे चिन्ह मिळाले, म्हटल्यावर ते मूत्रपिंड व मूत्राशय ह्यांतही भेद करील काय, हे पाहणे ओघाने आले. जिनिव्हा येथे बेनादोर व सहकाऱ्यांनी मूत्रमार्गसंसर्ग झालेल्या ८० मुलांचे परीक्षण चित्रणाच्या आधारे करून इ. स. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनने मूत्रपिंडात दाह असलेले एकही मूल सोडले नाही, परंतु दाह नसलेल्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा मुलांनाच ते निर्दोष ठरवू शकले. प्रोकॅल्सिटोनिनने दाह असलेल्यांपैकी सुमारे शेकडा ७० मुले ओळखली आणि दाह नसलेल्यांपैकी सुमारे शेकडा ८३ मुलांना योग्य रीतीने वगळले. नव्या चिन्हाबद्दल उत्साह वाटावा अशीच ही तुलना होती. पुढे अठरा अभ्यासांतील १०११ मुलांची माहिती एकत्र करून इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातही, मूत्रपिंडदाह व नंतरचे व्रण ह्या दोहोंच्या बाबतीत प्रोकॅल्सिटोनिन हे इतर चिन्हांहून सरस ठरले.

६

तथापि, सरस म्हणजे पुरेसे नव्हे. कॉक्रेन ह्या पुराव्यांचे समालोचन करणाऱ्या संस्थेसाठी शेख व त्यांच्या सहकाऱ्यांनी इ. स. २०१५ मध्ये तिन्ही चिन्हांचा आढावा घेतला व २०२० मध्ये तो अद्ययावत केला. दुसऱ्या आढाव्यातील सरासरी आकडे असे आहेत. मूत्रमार्गसंसर्ग झालेल्या आणि मूत्रपिंडात दाह असलेल्या १०० मुलांपैकी प्रोकॅल्सिटोनिन (मर्यादा दर मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅम) ८१ मुलांना ओळखते, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (मर्यादा दर लिटरला २० मिलिग्रॅम) ९३ मुलांना आणि रक्तपेशींचा वेग (मर्यादा तासाला ३० मिलिमीटर) ८३ मुलांना. मूत्रपिंडात दाह नसलेल्या १०० मुलांपैकी योग्य रीतीने वगळली जाणारी मुले अनुक्रमे ७६, ३७ व ५७.

हे आकडे पूर्वोक्त दृष्टान्ताच्या भाषेत मांडल्यास त्यांचा आशय स्पष्ट होतो. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हा फार व्यभिचारी हेतू आहे, कारण मूत्रपिंडात अग्नी नसताना १०० पैकी ६३ घरांत तो धूर दिसतो. परंतु त्याच्या बाबतीत तप्त लोहगोलक विरळा, शेकडा ७. म्हणून त्याच्या असण्यावरून फारसे सिद्ध होत नसले, तरी त्याच्या नसण्यावरून बरेच सिद्ध होते. प्रोकॅल्सिटोनिनचा व्यभिचार शेकडा २४, म्हणजे पुष्कळ कमी. पण त्याच्या बाबतीत लोहगोलक शेकडा १९ आहेत. शंभरांतील एकोणीस मुलांच्या मूत्रपिंडात आग धुमसत असता त्यांचे रक्त ह्या चिन्हापुरते स्वस्थ दिसते. ह्या एकोणीस मुलांना घरी पाठवून देण्याइतका विश्वास त्याच्यावर टाकता येत नाही. तिन्हींपैकी कोणतेही चिन्ह एकट्याने दोन अवस्थांत खात्रीने भेद करू शकत नाही, असाच त्या समालोचनाचा निष्कर्ष होता. ब्रिटनमधील 'नाइस' ह्या संस्थेच्या इ. स. २००७ च्या मार्गदर्शनातही, केवळ सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनवरून वरचा व खालचा संसर्ग वेगळा करू नये, असे सांगितले होते.

ह्याचा अर्थ रक्ताची साक्ष टाकाऊ आहे असा नव्हे. तिला कोणता प्रश्न विचारावा, एवढाच मुद्दा आहे. अमेरिकेत कुपरमन व सहकाऱ्यांनी साठ दिवसांपर्यंतच्या १८२१ तापकरी अर्भकांच्या अभ्यासावरून इ. स. २०१९ मध्ये एक नियम प्रसिद्ध केला. त्यात प्रथम मूत्रपरीक्षा, मग न्यूट्रोफिल ह्या पांढऱ्या पेशींची संख्या व प्रोकॅल्सिटोनिन अशी तीन प्रमाणे एकत्र घेतली आहेत. तिन्ही निर्दोष असल्यास जंतूंच्या गंभीर संसर्गाचा संभव फार कमी, असे तो नियम सांगतो. येथे रक्ताला 'कोठे' असे विचारलेले नाही. 'ह्या मुलाच्या शरीरात जंतूंनी गंभीर उपद्रव मांडला आहे काय' एवढेच विचारले आहे, आणि मूत्रमार्गाविषयीचा प्रश्न मूत्रालाच केला आहे. प्रत्येक साक्षीदाराला त्याने प्रत्यक्ष पाहिलेले तेवढेच विचारावे, ह्या न्यायाला हे धरून आहे.

शोध अर्थातच थांबलेला नाही. पांढऱ्या पेशींत व मूत्रपिंडाच्या पेशींत निर्माण होणारे 'एन्गॅल' हे प्रथिन रक्तात व मूत्रात दोन्हीकडे मोजले जाते. जंतू ज्या द्रव्यांच्या साहाय्याने लोह मिळवितात ती द्रव्ये हे प्रथिन पकडून ठेवते व जंतूंची उपासमार करते, असे इ. स. २००४ मध्ये दाखविण्यात आले. मूत्रातील एन्गॅलचा अर्भकांच्या मूत्रमार्गसंसर्गात चांगला उपयोग होतो, असेही काही अभ्यासांत आढळले आहे. जे चिन्ह जंतूंच्या अस्तित्वालाच, आणि तेही त्या जागी, दिलेला प्रतिसाद आहे, त्याचा व्यभिचार कमी असावा हे युक्तीला धरून आहे. रक्ताची वाट चोखाळून संशोधन पुन्हा अंशतः मूत्राकडे वळले, ते ह्याच कारणाने.

७

सव्वाशे वर्षांच्या ह्या इतिहासाचे तात्पर्य काय? तिन्ही चिन्हे अन्य ठिकाणी जन्मली आणि बालकाच्या मूत्रमार्गाकडे उसनी आणली गेली. क्षयातून, न्यूमोनियातून, थायरॉइडच्या अभ्यासातून ती आली. उसने आणलेले चिन्ह आपल्याबरोबर मूळ घरचा अर्थ घेऊन येते. 'शरीरात दाह आहे' हा त्या अर्थाचा गाभा होता, आणि ते तेवढेच प्रामाणिकपणे सांगत राहिले. चूक झाली ती, त्याच्या सांगण्यात स्थानाचा अर्थ वाचला गेला तेव्हा. शब्दाच्या बाबतीत जसा वाच्यार्थापलीकडचा अर्थ केवळ संदर्भावरून निश्चित होतो, तसाच रक्तातील ह्या चिन्हांचा अर्थ मुलाचे वय, ताप, मूत्राची परीक्षा व त्याची एकंदर अवस्था ह्यांच्या संदर्भावाचून निश्चित होत नाही.

जेथे किरणोत्सर्गी चित्रणाची सोय नाही आणि जंतुसंवर्धनाची सोय दूर आहे, अशा ठिकाणी हा विवेक अधिकच अगत्याचा ठरतो, कारण तेथे रक्ताच्या चाचणीचा एक आकडाच पुष्कळदा निर्णायक मानला जाण्याचा संभव असतो. तो आकडा वाढलेला दिसला म्हणून मूत्रपिंडदाह गृहीत धरणे, किंवा कमी दिसला म्हणून मूत्र न तपासणे, ह्या दोन्ही गोष्टींस वरील इतिहासात आधार नाही. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी मूत्राचा योग्य रीतीने घेतलेला नमुना राखून ठेवणे, हा जुनाच नियम नव्या चिन्हांच्या आगमनानंतरही अबाधित राहिला आहे.

काश्यपसंहितेतील निरीक्षकाने मुलाच्या ओठांकडे व हाताकडे पाहिले. आजचा वैद्य रक्तातील प्रथिनांकडे पाहतो. साधन सूक्ष्म झाले, प्रमाण मोजता येऊ लागले, व्यभिचाराची टक्केवारीही हाती आली. मूळ कर्तव्य मात्र तेच आहे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने बोलणारे चिन्ह कोणते, आणि ते किती सांगते व कोठे थांबते, हे नीट जाणून घेणे हे ते कर्तव्य होय.